अवकाश कोरावा लागतो

जुन्नर गावाभोवतीच्या डोंगरांत दीडशेहून अधिक लेणी आहेत. शिवनेरी, तुळजा, लेण्याद्री आणि मानमोडी या समूहांनी गावाला जणू कडेच घातले आहे. यांतील बहुतेक लेणी बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी आणि उपासनेसाठी कोरली गेली. मानमोडीच्या अंबा-अंबिका समूहात पुढील काळातील जैन प्रतिमाही आहेत. ही लेणी कोणाच्या द्रव्यातून झाली, हे तेथील ब्राह्मी शिलालेख सांगतात. दात्यांत राजपुरुष आहेत, तसेच व्यापारी, कारागीर आणि त्यांच्या श्रेणी, म्हणजे व्यावसायिक संघही आहेत. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील एका लेखात धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद आहे.

हे धान्य-व्यापारी रिकामे बसलेले नव्हते. कोकणातील कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून निघालेला माल नाणेघाट चढून जुन्नरला येई आणि पुढे पैठणकडे जाई. घाटमाथ्यावर सातवाहनांची राणी नागनिका हिचा प्रसिद्ध शिलालेख आहे. तेथील दगडी रांजण जकातीचा होता, असे लोक आजही सांगतात. बैलांचे तांडे, तोलणे-मापणे, उधारी-वसुली, पावसापूर्वी माल हलविण्याची घाई, हे सारे त्या व्यापाऱ्यांच्याही वाट्याला असणारच. तरीही त्यांच्या संघाने आपल्या कमाईचा एक भाग अशा खोल्यांसाठी वेगळा काढला, की ज्यांत माल ठेवायचा नव्हता आणि सौदाही करायचा नव्हता. पावसाळ्यात भिक्षूंनी एका जागी स्थिर राहावे आणि आपल्या अंतरंगाकडे पाहावे, एवढ्यासाठीच त्या होत्या. आपल्या साधू-साध्वीजींच्या चातुर्मासाशी ओळख असलेल्या वाचकांना ही कल्पना परकी वाटणार नाही.

या लेण्यांत एक साधी गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. घर बांधले जाते, लेणे कोरले जाते. घर उभे करताना विटेवर वीट चढत जाते. लेण्यात काहीच वाढत नाही. कातळातून दगड काढून टाकत जावे लागते आणि जे उरते ती खोली असते. लेण्याद्रीच्या ज्या प्रशस्त विहारात आज गिरिजात्मजाचे दर्शन घेतले जाते, तोही असाच काढून टाकण्यातून घडला आहे. कातळ आपणहून जागा देत नाही. ती कोणीतरी ठरवून, मापून, छिन्नी लावून करावी लागते.

धावपळीच्या आयुष्यात श्वास घेण्यापुरती जागा करण्याविषयी आज पुष्कळ बोलले जाते. या बोलण्यात एक समजूत दडलेली असते: कामे उरकली, की उरलेल्या वेळात ही जागा आपोआप मिळेल. जुन्नर-आंबेगावच्या बाजारपेठांत वावरणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे, की कामे उरकत नाहीत. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात हंगामात क्रेटने भरलेल्या गाड्यांची रांग लागते. मंचरला बटाटा, कांदा आणि कोथिंबीर, ओतूरला कांदा. एक लिलाव संपतो तोच दुसरी गाडी लागते. आडत्याने पट्टी करायची, रोकड सांभाळायची, परगावच्या खरेदीदाराला भाव कळवायचा. कापडाच्या, किराण्याच्या, औषधांच्या दुकानांतही तेच. रात्री शटर खाली येते, पण हातातील मोबाइल बंद होत नाही. उद्याच्या भावाची चौकशी, बँकेचा निरोप, कुटुंबाच्या गटातील संदेश, मुलांच्या शिकवणीची फी, हे सारे अंथरुणापर्यंत सोबत येते. शेतकऱ्याची तऱ्हा याहून बिकट असते. विजेची पाळी रात्रीची आली, तर पाणी द्यायला रात्रीच निघावे लागते, आणि या दोन तालुक्यांत उसाच्या फडात बिबट्या असू शकतो ही भीतीही बरोबर असते.

त्यातच आषाढात चातुर्मास सुरू होतो, तेव्हा इकडे टोमॅटोचा हंगाम भरात असतो. २०२३ च्या जुलैमध्ये भाव आकाशाला भिडले होते, हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. अशा दिवसांत व्याख्यानाची वेळ आणि लिलावाची वेळ एकमेकींवर आली, तर कोणती जिंकते हे सांगण्याची गरज नाही. ‘यंदा नाही, पुढच्या वर्षी पाहू’ हे वाक्य अनेक घरांत वर्षानुवर्षे ऐकू येते. उरलेल्या वेळावर विसंबणाऱ्याला उरलेला वेळ कधीच मिळत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

जैन परंपरेने हा धोका फार पूर्वी ओळखला होता. म्हणून तिने विसावा मनाच्या लहरीवर सोपविला नाही. त्याला माप दिले. सामायिकाचे माप एक मुहूर्त, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. ते सत्तेचाळिसाव्या मिनिटाला पूर्ण होत नाही. दुकानात गिऱ्हाईक आले म्हणून मध्येच उठता येत नाही. दिवसाच्या कातळात अठ्ठेचाळीस मिनिटांची ही खोली आधी कोरून ठेवायची आणि मग उरलेल्या दिवसाने तिच्याभोवती आपली मांडणी करायची, अशी ही योजना आहे.

आणखी विशेष म्हणजे या मुहूर्ताचे मोजमापच मुळी श्वासाने केलेले आहे. आगमांतील कालगणनेत सात उच्छ्वासांचा एक स्तोक, सात स्तोकांचा एक लव आणि सत्त्याहत्तर लवांचा एक मुहूर्त सांगितला आहे. गुणाकार केला तर एका मुहूर्तात ३७७३ उच्छ्वास येतात. आजच्या घड्याळाने हे मिनिटाला सुमारे ७९ होतात. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण बारा ते वीस वेळा श्वास घेतो; त्यामुळे हा आकडा श्वासापेक्षा नाडीच्या ठोक्यांशी अधिक जुळतो. पण आकड्याहून त्यामागील दृष्टी मोलाची आहे. काळ मोजण्यासाठी सूर्य होता, छाया होती, घटिकापात्रही होते. तरीही निरोगी, निश्चिंत माणसाच्या देहातील लय हे काळाचे एक माप मानले गेले. धापा टाकणाऱ्याच्या श्वासाने काळ मोजता येत नाही, हे त्यात गृहीतच आहे.

प्रतिक्रमणातील कायोत्सर्गही श्वासांनीच मोजला जातो. श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत लोगस्स सूत्राच्या पंचवीस पदांचे पंचवीस श्वासोच्छ्वास धरतात. पाक्षिक प्रतिक्रमणात बारा लोगस्स म्हणजे ३०० श्वासोच्छ्वास, चातुर्मासिकात वीस म्हणजे ५००, आणि संवत्सरीला चाळीस लोगस्स व एक नवकार मिळून १००८. दिगंबर परंपरेत नऊ वेळा णमोकार मंत्र म्हणजे सत्तावीस उच्छ्वास, असा हिशेब प्रचलित आहे. तेथे दैवसिक कायोत्सर्ग १०८ उच्छ्वासांचा. पंथापंथांत आकडे बदलतात, तत्त्व बदलत नाही. दिवसाचा शीण थोड्या श्वासांत उतरतो, पंधरवड्याचा साचलेला भार उतरायला अधिक श्वास लागतात, आणि वर्षभराच्या ओझ्यासाठी हजाराहून अधिक. रोज न केलेल्या विसाव्याची भरपाई एका दिवसात होत नाही, ही गोष्ट या चढत्या आकड्यांतून सहज उमगते.

कायोत्सर्गापूर्वीचे अन्नत्थ सूत्र तर करुणेचा नमुनाच आहे. देह सोडून स्थिर राहण्याचा संकल्प करताना काही सवलती त्यात आधीच नोंदविल्या आहेत. श्वास घेणे आणि सोडणे, खोकला, शिंक, जांभई, ढेकर, चक्कर, अंगाची सूक्ष्म हालचाल यांनी कायोत्सर्ग भंगत नाही. देहाच्या दुबळेपणाला इतक्या स्वच्छपणे जागा देणारी साधना माणसाला यंत्र मानत नाही. कामाच्या ठिकाणी जांभईदेखील लपवावी लागणाऱ्या आजच्या माणसाने हे सूत्र म्हणताना क्षणभर त्याच्या अर्थापाशी थांबायला हवे.

श्रावकाच्या बारा व्रतांत या विषयाला अगदी नावानेच भिडणारे एक व्रत आहे: देशावकाशिक. ‘देश’ म्हणजे क्षेत्राचा एक भाग आणि ‘अवकाश’ म्हणजे जागा. दिग्व्रताने दिशांची मोठी मर्यादा आयुष्यभरासाठी घालून घ्यायची आणि देशावकाशिकाने ती एका दिवसापुरती किंवा काही वेळापुरती आणखी लहान करायची, असा या दोहोंचा संबंध. आज मी या आवाराबाहेर जाणार नाही, एवढाच तो नियम असू शकतो. रोज धारण करावयाच्या चौदा नियमांत खाण्याच्या द्रव्यांपासून वाहन आणि दिशांपर्यंत मर्यादा मोजून घेतली जाते, तीही याच अंगाने. वरवर पाहता हे जागा कमी करणे आहे. प्रत्यक्षात मात्र बाहेरचे क्षेत्र आखले गेले, की आतले क्षेत्र मोकळे होते.

पूर्वी क्षेत्राची मर्यादा पायांना आणि वाहनांना घालावी लागे. आता गादीवर बसलेला माणूस एका तासात दिल्लीच्या मंडईत, दुबईच्या नातेवाइकाकडे आणि अनोळखी लोकांच्या भांडणात जाऊन येतो. त्याचा देह नारायणगावातून हललेला नसतो, चित्त मात्र दहाही दिशा भटकून थकलेले असते. सामायिकाच्या कटासण्याजवळ मोबाइल उलटा ठेवून बसणे आणि तो थरथरला की डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहणे, हे दृश्य आता दुर्मीळ नाही. देशावकाशिकाचा आजचा अर्थ लावायचा, तर तो या यंत्रापासूनच लावावा लागेल. ठरलेल्या वेळी ते दुसऱ्या खोलीत राहील, हा नियम लहान दिसतो. पाळून पाहिला की त्याचे वजन कळते.

नारायणगावजवळच खोडद येथे शांततेची किंमत सांगणारे एक आधुनिक स्थान आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभारलेली जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण तेथे आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली तिची उभारणी झाली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना सुमारे पंचवीस किलोमीटरच्या परिसरात विखुरल्या आहेत आणि दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी त्या टिपतात. त्यासाठी सभोवार रेडिओ लहरींचा गोंगाट कमी असावा लागतो. मोबाइलसारखी साधने जवळ चालू असली, की त्यांच्याच लहरी वरचढ होतात. या अँटेनांची रचनाही विचार करायला लावणारी आहे. त्यांच्या तबकड्या भरीव पत्र्याच्या नाहीत. दहा ते वीस मिलिमीटरच्या चौकटींची पोलादी तारांची जाळी दोरांवर ताणून त्या केल्या आहेत. वारा जाळीतून निघून जातो, म्हणून तबकडीवर त्याचा ताण कमी येतो आणि इतका मोठा सांगाडा हलक्या वजनात आणि कमी खर्चात उभा राहतो. भरीव तबकडीला त्याच वाऱ्याशी झुंजावे लागले असते. गच्च भरलेल्या दिवसाचे तेच होते. त्यात एक अडचण आली, एक गाडी उशिरा आली, एक मूल आजारी पडले, की सगळा दिवस कोलमडतो. ज्या दिवसाला चौकटी आहेत, त्यातून अडचणीचा वारा निघून जातो.

येथवर विचार एकट्या माणसाचा झाला. धर्माचा खरा प्रश्न मात्र पुढे आहे. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. चौथा अतिचार ऐकताना डोळ्यांसमोर बैलगाडी येते, आणि बैलगाड्या आता कमी झाल्यामुळे आपण त्यातून सुटलो असे वाटते. परंतु अतिभार माणसावरही लादला जातो. विसाव्याचा अभाव हा नियोजनातील ढिसाळपणा असेल, तसा तो हिंसेचाही एक प्रकार असू शकतो, हे या अतिचाराकडे पाहिले की स्पष्ट होते. जो स्वतःवर शक्तीबाहेर भार घेतो, तो संध्याकाळपर्यंत कोणावर तरी ओरडतो. हिंसा मग त्याच्या जिभेवरून उतरते आणि सहसा अशाच माणसावर उतरते, ज्याला उलट बोलता येत नाही.

घरात हा हिशेब बारकाईने मांडायला हवा. चातुर्मासात घरातील वडीलधारे सामायिकाला बसतात, मुले पाठशाळेत जातात, कोणी एकासणे तर कोणी आयंबिल करतो. या प्रत्येक व्रतामागे स्वयंपाकघरात एक अधिकचे काम उभे राहते. पाणी उकळून गार करायचे, सूर्यास्तापूर्वी सर्वांची जेवणे उरकायची, आयंबिलाचा वेगळा स्वयंपाक करायचा, पर्युषणात तपस्वींच्या पारण्याची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची व्यवस्था ठेवायची. हे बहुतेक घरांत सुनेच्या किंवा आईच्या वाट्याला येते. तिला सामायिक करायचे नसते असे नाही. तिच्या सामायिकाच्या वेळी गॅसवर पातेले असते. एका घरात चार माणसांना मिळालेला अवकाश जर पाचव्या माणसाच्या श्वासातून काढलेला असेल, तर तो कोरलेला म्हणता येणार नाही, तो हिसकावलेला ठरेल. अठ्ठेचाळीस मिनिटे घरातील पुरुषाने चुलीजवळ थांबावे आणि तिने कटासण्यावर बसावे, ही अदलाबदल कोणत्याही मोठ्या तपाच्या अनुमोदनेइतकीच मोलाची आहे.

दुकानातील आणि आडतीवरील माणसांचेही तेच. मालकाला प्रतिक्रमणासाठी लवकर जायचे म्हणून नोकराने रात्री उशिरापर्यंत थांबावे, यात पुण्याची बाजू कोणाच्या खात्यावर आणि भाराची कोणाच्या, हे पाहावे लागेल. आठवड्यातून एक दिवस मोकळा असावा, ही आज साधी वाटणारी गोष्टही कोणीतरी मागून मिळविलेली आहे. पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी १८८४ पासून ही मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. गिरणीत तोवर विसावा हा यंत्र बंद पडल्यावर मिळणारा अपघात होता. त्यानंतर तो कामगाराचा हक्क झाला. हमाल, तोलणारे, दुकानातील पोरगे, घरी भांडी घासायला येणारी बाई, यांच्या बाबतीत श्रावकाने कोणी मागण्याची वाट पाहू नये. अतिभार टाळणे हे त्याने घेतलेल्या व्रताचेच अंग आहे.

जैन दर्शनाने सहा द्रव्ये मानली, त्यांत आकाश हे एक. तत्त्वार्थसूत्रात आकाशाचे कार्य एकाच शब्दात सांगितले आहे: अवगाह, म्हणजे इतरांना सामावून घेणारी जागा देणे. आकाश कोणाला ढकलत नाही, ओढत नाही. ते केवळ जागा देते आणि त्या देण्यालाच तेथे उपकार म्हटले आहे. जागा देणे ही निष्क्रिय गोष्ट नाही, तो उपकार आहे, ही जाणीव घराघरांत रुजली तर विसाव्याविषयीची पुष्कळशी भाषा बदलेल. ‘मला माझ्यासाठी वेळ हवा’ या वाक्याच्या शेजारी ‘मी कोणाला जागा दिली?’ हा प्रश्नही येऊन बसेल.

हे करण्यासाठी दुकान बंद करावे लागत नाही आणि हंगामही सोडावा लागत नाही. दिवसात एक मुहूर्त आधी ठरवावा, आणि तो जमत नसेल तर निदान शंभर श्वासांचा कायोत्सर्ग. शांत श्वासाच्या गतीने त्याला सात-आठ मिनिटे पुरतात. श्वास सावकाश सोडला की नाडीची गती मंदावते, हे वैद्यकशास्त्रही सांगते. त्या वेळी मोबाइलचे क्षेत्र आखून घ्यावे. दिवसातील एखादे असे काम शोधावे, जे काढून टाकले तर कोणाचेच बिघडणार नाही, आणि ते खरोखर काढून टाकावे. घरातील प्रत्येकाच्या वाट्याला अशी एक वेळ आहे ना, हे आठवड्यातून एकदा जेवताना विचारावे.

आणि संवत्सरीच्या संध्याकाळी, १००८ श्वासोच्छ्वासांच्या कायोत्सर्गानंतर ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणताना एक यादी मनात असावी: या वर्षात आपण कोणाकोणावर अतिभार टाकला. त्या यादीतील पहिली व्यक्ती बहुधा उपाश्रयात किंवा स्थानकात शेजारी बसलेली नसेल. ती घरी, दुसऱ्या दिवशीच्या पारण्याची तयारी करीत असेल. तिच्यापाशी जाऊन क्षमा मागावी आणि हातातील काम आपल्याकडे घ्यावे.